शून्य रुपयांची खरेदी

मागच्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती इथून जवळच असलेल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एरवी तिचा फोन म्हणजे लॅपटॉप हँग झालेला असतो. या वेळी आवाज वेगळा होता.

"दादा, आमच्या युनिव्हर्सिटीचं सॉफ्टवेअर तुझ्या कंपनीनं केलंय ना?"

"खरेदी विभागाचं केलंय. का गं?"

"मग हॉस्टेलच्या आउटपासचं ॲप कुणी घेतलं?"

झालं असं होतं, की मामांना आठवडाभर फोन येत होते. एज्युकेशन लोन हवंय का, मुलीसाठी विमा काढायचाय का. असे फोन सगळ्यांनाच येतात, म्हणून आधी कुणी लक्ष दिलं नाही. पण हे फोन येत होते घरातल्या जुन्या नंबरवर. तो नंबर मामा कुणाला देत नाहीत. बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे, गेल्या दोन वर्षांत तो एकाच ठिकाणी लिहिला होता, वसतिगृहाच्या ॲपमध्ये, 'पालकांचा पर्यायी क्रमांक' या रकान्यात. तिच्या दोन मैत्रिणींच्या घरीही असेच फोन येत होते, आणि बोलणाऱ्याला वसतिगृहाचं नाव ठाऊक होतं.

मी त्या विद्यापीठाच्या खरेदी-प्रणालीवर अडीच वर्षं काम केलं आहे. लॅपटॉप उघडला, ॲपचं नाव टाकून शोधलं. काही नाही. कंपनीच्या नावानं शोधलं. काही नाही. मागणी नाही, मंजुरी नाही, करार नाही. मग लक्षात आलं की ॲप फुकट होतं. वॉर्डन मॅडमनी ते सरळ डाउनलोड केलं, अटींखाली 'मान्य आहे' दाबलं आणि ३०० मुलींची नावं, खोली क्रमांक, पालकांचे फोन आणि कोण किती वाजता बाहेर गेली, किती वाजता परत आली हे सगळं त्यात भरायला सुरुवात झाली. त्यांनी मागणी नोंदवायची म्हटली असती, तरी आमच्या फॉर्मनं ती घेतली नसती. रकमेच्या रकान्यात शून्य टाकलं की लाल अक्षरं येत: 'रक्कम शून्यापेक्षा जास्त असावी.'

ती ओळ माझीच होती.

विद्यापीठात वस्तू कशी विकत घेतली जाते हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. हे काम मिळेपर्यंत मलाही नव्हतं. प्राध्यापक मागणीपत्र भरतात, त्याला सगळे इंडेंट म्हणतात. विभागप्रमुख सही करतात. त्या शीर्षाखाली पैसे शिल्लक आहेत का, हे लेखा विभाग बघतो. मग खरेदी विभाग ठरवतो, की ही वस्तू कोणत्या वाटेनं घ्यायची. सरकारचं जेम पोर्टल २०१६ मध्ये सुरू झालं. वस्तू तिथं आहे का ते आधी पाहायचं, नसेल तर तसा अहवाल काढून नस्तीला जोडायचा. (आमच्या इंदूरकडे फाइलला अजून नस्तीच म्हणतात. विद्यापीठातही तोच शब्द, म्हणून प्रणालीतही आम्ही तोच ठेवला.) पुढची वाट रकमेवर ठरते. केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या संस्थांना लागू असलेल्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत मूळ आकडे असे होते: २५ हजारांपर्यंत कोटेशनशिवाय, तिथून अडीच लाखांपर्यंत तीन जणांची खरेदी समिती बाजारात चौकशी करून घेणार, त्यापुढे निविदा. या मर्यादा नंतर वाढल्या. वैज्ञानिक संशोधन करणाऱ्या संस्थांसाठी तर जून २०२५ मध्ये कोटेशनशिवाय खरेदी २ लाखांपर्यंत आणि समितीमार्फत खरेदी २५ लाखांपर्यंत गेली.

आकडे बदलले, तरी पद्धत तीच आहे. रक्कम लहान तर वाट सोपी, रक्कम मोठी तर वाट लांब. पैसे सार्वजनिक आहेत, त्यामुळे ते बरोबरच आहे. माझे मामा एका सरकारी महाविद्यालयाच्या भांडार विभागात ३१ वर्षं होते. त्यांच्याकडे किश्शांची वहीच आहे. एकदा एका यंत्रासाठी तीन वेगवेगळ्या दुकानांची तीन कोटेशनं आली. तिन्हींवर वेगळा शिक्का, वेगळी सही, वेगळा पत्ता. पण 'सेंट्रिफ्यूज'चं स्पेलिंग तिन्हींत एकाच जागी चुकलेलं. मामांनी पेन्सिलनं तीन गोल केले आणि नस्ती परत पाठवली, शेरा एका शब्दाचाही नाही. दुसरा प्रकार तुकडे पाडण्याचा. मर्यादा २५ हजारांची असेल तर एकाच आठवड्यात २४,५०० रुपयांच्या चार मागण्या. हे करता येत नाही, १५७ क्रमांकाचा नियमच त्यासाठी आहे. आमच्या प्रणालीतही ते लगेच पकडलं जातं. एकच विभाग, एकसारखी वस्तू, ३० दिवसांच्या आत, की पिवळी पट्टी. मात्र प्रत्येक पिवळी पट्टी म्हणजे लबाडी नसते. रसायनशास्त्राच्या एका सरांचं अनुदानच तीन हप्त्यांत आलं, शेवटचा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. ३१ मार्चच्या आत खर्च नाही झाला तर पैसे परत जाणार. त्यांनी हप्ता येईल तशी मागणी केली, आणि आमच्या संगणकानं त्यांना संशयित ठरवलं. सर रागावले, आणि त्यांचा राग मला पटला.

विद्यापीठाला आमच्याकडून एक गोष्ट आणखी हवी होती. प्रत्येक मागणीची गुंतागुंत किती आणि जोखीम किती, हे प्रणालीनं आपोआप सांगावं. म्हणजे साध्या नस्त्या झटपट सुटतील आणि अवघड नस्त्या वेळेत वरच्या साहेबांपर्यंत जातील. मी तेव्हा नुकताच टीम लीड झालो होतो. शंभर गुणांची पद्धत बसवली. रकमेला ५०, वस्तू आयात करायची असेल तर १५, एकच उत्पादक असेल तर १५, पुरवठ्याला लागणाऱ्या वेळेला १०, वार्षिक कराराला १०. बेरीज करायची. ३०च्या खाली हिरवा, ६०पर्यंत पिवळा, वर लाल. डेमोला सगळे खूश. मीही.

दीड महिन्यात जीवशास्त्राकडून एक मागणी आली, द्रवरूप नायट्रोजनची. १८ हजार रुपये, वर्षभर गरजेप्रमाणे पुरवठा. आमच्या हिशोबानं रकमेचा १ आणि वार्षिक कराराचे १०, एकूण ११. गर्द हिरवा. त्याच दिवशी ४० संगणकांची २४ लाखांची मागणी होती, ती पिवळ्यात अडकली. जेमवर मिळणारे साधे संगणक, शाळेतही असतात तसे.

नायट्रोजनची नस्ती भांडार विभागातल्या एका मॅडमनी थांबवली. हिरव्या नस्तीला थांबवायची सोयच मी ठेवली नव्हती, म्हणून त्यांनी प्रिंट काढून टेबलाच्या खणात ठेवली आणि विभागाला फोन केला. प्रश्न एकच विचारला, "हे ठेवणार कुठं?"

ठेवणार होते तळघरातल्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नव्हती. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो. सांडला किंवा भांड्यातून हळूहळू उडून गेला, की एका लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. तो विषारी नाही, त्याला वास नाही, रंग नाही. तो फक्त खोलीतल्या ऑक्सिजनची जागा घेतो. आत गेलेल्या माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, तो सरळ बेशुद्ध पडतो. त्याला उचलायला धावत जाणाराही तसाच पडू शकतो. त्यासाठी खेळती हवा हवी, ऑक्सिजन मोजणारा गजर हवा, एकट्यानं आत जायचं नाही असा नियम हवा. मॅडम विज्ञान शिकलेल्या नव्हत्या. "आमच्याकडे पूर्वी एकदा सिलिंडर आले होते, तेव्हापासून मी जागा विचारतेच," एवढंच त्या म्हणाल्या. ती भांडी पुढे वरच्या मजल्यावर, दोन मोठ्या खिडक्यांच्या खोलीत गेली.

त्या रात्री मी गुणांचा कोड पुन्हा वाचला, तेव्हा चूक दिसली. गुंतागुंत आणि जोखीम या दोन गोष्टी मी एकाच परातीत कालवल्या होत्या. नस्ती किती टेबलांवरून जाणार, किती दिवस लागणार, किती कागद लागणार, ही गुंतागुंत. वस्तू आल्यावर काय बिघडू शकतं, आणि बिघडलेलं परत नीट करता येतं का, ही जोखीम. संगणकांच्या खरेदीत पहिली बरीच, दुसरी नगण्य. एखादा बंद पडला तर वॉरंटीत बदलून मिळतो. उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरची किंमत मध्यम, पण त्याला जनरेटरची जोडणी नसेल आणि रात्री वीज गेली, तर कुणाचे पाच वर्षांचे नमुने वितळतात. किमतीच्या रकान्यात ते कुठं दिसत नाहीत. शुद्ध अल्कोहोल हवं असेल तर अबकारी खात्याचा परवाना लागतो. क्ष-किरणांचं यंत्र असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि ती नसताना यंत्र आलं तर ते खोक्यात पडून राहतं, वॉरंटीचे दिवस मात्र मोजले जातात. काही यंत्रं स्वस्तात येतात आणि पुढं त्यांचे सुटे भाग दर वर्षी खिसा कापत राहतात. घरातल्या प्रिंटरच्या शाईवरून हे सगळ्यांना माहीत आहे, विद्यापीठात त्याच प्रिंटरची किंमत फक्त लाखांत असते.

दुसरी चूक गणिताची होती. मी बेरीज करत होतो. चार प्रश्नांना शून्य आणि पाचव्याला 'माणूस मरू शकतो' असं उत्तर असेल, तर बेरजेत ते पाचवं उत्तर विरघळून जातं. तिथं बेरीज नको, सगळ्यांत मोठा आकडा हवा. बी.ई.च्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल अशी गोष्ट, पण मला ती एका खणातल्या प्रिंटनं शिकवली.

तिसरी चूक माणसांची, म्हणजे माझ्या अंदाजातली. 'आयात' वर खूण केली की १५ गुण वाढतात, हे विभागांना महिन्याभरात कळलं. त्यानंतर आयात होणारी यंत्रं अचानक कमी झाली. कुणी खोटं लिहिलं असं नाही. पुरवठादार मुंबईचा आहे, मग आयात कसली, असा साळसूद अर्थ लावला गेला.

या विषयात मोठा धडा कुणाचा असेल तर तो मुंबई विद्यापीठाच्या २०१७ सालच्या निकालांचा. आपल्यापैकी अनेकांची भावंडं तेव्हा तिथं शिकत होती. त्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. गुणांची बेरीज चुकत नाही, पान तपासायचं राहत नाही, गठ्ठे इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत. पण परीक्षा सुरू झाल्या तरी तपासणीचं काम कुणाला द्यायचं याची निविदा चालूच होती. १७ लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, हजारो शिक्षक, त्यांतल्या अनेकांनी असं काम कधी केलेलं नाही, आणि निकाल ४५ दिवसांत लावण्याचं बंधन. स्कॅनिंग रखडलं, लॉगिन अडले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत गेले, परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेसाठी खेटे घालत राहिली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. निविदेचे कागद बघणाऱ्याला तिथं दर दिसतो, पात्रता दिसते. 'हे पहिल्याच वर्षी एकदम सगळ्या अभ्यासक्रमांना लावायचं आहे का? आणि नाही चाललं तर जुन्या पद्धतीवर परत येता येईल का?' हे विचारायला निविदेच्या नमुन्यात रकाना नसतो. एका विद्याशाखेवर एक सत्र चालवून पाहिलं असतं, तर निकाल उशिरा लागले असते ते काही हजारांचे.

सॉफ्टवेअरच्या खरेदीत ही गोष्ट जास्त बोचते, कारण सॉफ्टवेअर दिसत नाही. खोलीला खिडकी आहे का, हे जाऊन बघता येतं. मुलींचे फोन नंबर कोणत्या सर्व्हरवर आहेत, हे बघायला कुठं जाणार? २०२० मध्ये ब्लॅकबॉड या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. अमेरिका-ब्रिटनमधली अनेक विद्यापीठं माजी विद्यार्थ्यांची आणि देणगीदारांची माहिती तिच्याकडे ठेवत होती. हल्ला कंपनीवर झाला, पण माजी विद्यार्थ्यांना पत्रं पाठवायची वेळ विद्यापीठांवर आली. आपल्याकडचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो. तुम्ही माहिती गोळा केली आणि सांभाळायला दुसऱ्याला दिली, तरी जबाबदारी तुमची, आणि असं काम वैध करार करूनच देता येतं. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत.

अमेरिकी विद्यापीठांनी मिळून यासाठी हेक्व्हॅट नावाची प्रश्नावली केली आहे. विकणाऱ्या कंपनीनं ती भरून द्यायची. प्रश्न शेकडो. मी ती बघून हुरळून गेलो होतो, तशीच्या तशी आपल्याकडे लावू म्हणत होतो. खरेदी विभागाच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "वॉर्डन मॅडम ही भरून घेतील, की ॲप गुपचूप घेतील?"

आणि याची दुसरी बाजू मी विसरता कामा नये. नायट्रोजननंतर मी इतका घाबरलो होतो, की दुसऱ्या आवृत्तीत जरा कुठं शंका आली की नस्ती तीन समित्यांकडे जाई. एका पीएच.डी.च्या मुलीचं एन्झाइम, ७ हजारांचं, ११ आठवडे फिरत राहिलं. 'जैविक पदार्थ' या शब्दावर माझा नियम अडला होता. तिची फेलोशिप पाच वर्षांची, आणि हे तिचं चौथं वर्ष चालू होतं. ती एकदा आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. भांडली नाही. कॅलेंडर दाखवून म्हणाली, "सर, एवढे दिवस मी काय करू ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. उशीर हीसुद्धा जोखीम आहे, आणि ती खरेदी विभागाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही, कारण ती सोसणारा माणूस विभागाच्या बाहेर असतो. आता मागणीत एक तारीख असते, 'यानंतर आलं तर उपयोग नाही', आणि नस्ती ज्याच्या टेबलावर पडून आहे त्याला ती रोज सकाळी दिसते.

गुण आणि रंग आम्ही काढून टाकले. फॉर्ममध्ये आता थोडे प्रश्न आहेत, बोलल्यासारखे. ही वस्तू कुठं ठेवणार? ती बिघडली तर कुणाला इजा होऊ शकते का? तिच्यात विद्यार्थ्यांची किंवा कर्मचाऱ्यांची माहिती भरणार का, आणि कोणती? एक दिवस बंद पडली तर काय अडेल? उद्या नको झाली तर तिच्यातून बाहेर कसं पडणार? उत्तरांवरून प्रणाली निकाल देत नाही, फक्त कुणाला विचारायचं ते सुचवते. माहितीचा प्रश्न असेल तर संगणक केंद्र, जागेचा असेल तर सुरक्षा अधिकारी, काहीच नसेल तर सरळ पुढे. भांडारातल्या मॅडमना नस्ती थांबवण्याचं बटण दिलं आहे. त्या ते महिन्यातून एखाद्या वेळी वापरतात. दहांतल्या आठ नस्त्या आता कुणालाही न विचारता जातात, हे मला जास्त आवडतं.

वसतिगृहाच्या ॲपचं पुढं काय झालं? आम्ही कंपनीला मेल केला, माहिती पुसून टाकल्याचं लेखी द्या म्हणून. उत्तर नाही. दुसरा मेल, तिसरा मेल. करारच नव्हता, त्यामुळे कशावर बोट ठेवणार? फोन नंबर तिथूनच गेले, हेही आम्हाला सिद्ध करता आलं नाही. मामांनी तो जुना नंबर बंद करून टाकला, २० वर्षांचा होता. वॉर्डन मॅडमना वाईट वाटलं. त्यांनी मुलींचाच वेळ वाचावा म्हणून ते घेतलं होतं. त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि विचारायचं ठरवलं असतं, तरी माझ्या त्या लाल ओळीनं दार लावलेलं होतं.

ओळ मी काढली. आता रकमेत शून्य चालतं.

वसतिगृहात पुन्हा रजिस्टर आलं. मी बहिणीला म्हटलं, चला, निदान आता तुमचे नंबर सुरक्षित. ती हसली. "दादा, ते रजिस्टर दिवसभर गेटवर उघडं असतं. दूधवाला पण वाचतो त्यातली नावं."

मागच्या महिन्यात वसतिगृहाकडून नवी मागणी आली. आउटपासची प्रणाली, विद्यापीठाच्याच सर्व्हरवर चालणारी, संगणक विभागाच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेली. रक्कम: ०. 'कोणती माहिती भरणार' या प्रश्नापुढे वॉर्डन मॅडमनी सात गोष्टी लिहिल्या होत्या. त्यांतल्या दोन त्यांनीच खोडल्या होत्या, एक खोली क्रमांक आणि दुसरा पालकांचा पर्यायी क्रमांक. नस्ती संगणक केंद्राकडे गेली आहे.